टेलिग्राम म्हणजे बंद पाकीट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ‘व्हॉट्सॲपला पर्याय’ म्हणून छापलेलं कोष्टक वाचलं. गोपनीयतेसाठी टेलिग्रामला पाचपैकी पाच तारे, व्हॉट्सॲपला तीन आणि सिग्नलला ‘वापरणारे कमी’ म्हणून साडेतीन. वापरणारे कमी हा गोपनीयतेचा निकष कसा झाला ते कळलं नाही, पण तो मुद्दा सोडून देऊ. कोष्टकावर विसंबून कुणी आधार कार्ड, डॉक्टरांचे रिपोर्ट आणि वकिलाशी चाललेला पत्रव्यवहार उचलून टेलिग्रामवर नेला तर नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावावीच लागली तर बॅकअपचा परिच्छेद तेवढा वाचवावा.

टेलिग्राममध्ये चांगलं पुष्कळ आहे. दोन लाख सभासदांचा ग्रुप होतो, दोन जीबीची फाइल जाते, आणि नवा फोन घेऊन नंबर टाकला की पाच वर्षांपूर्वीचं संभाषण आपोआप समोर येतं. मेख या शेवटच्या सोयीतच आहे. जुन्या फोनमधून काहीही न आणता जुना मजकूर नव्या फोनवर दिसतो, म्हणजे तो कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि उघडायची किल्लीही कंपनीकडेच आहे.

ज्यांनी पोस्टाचा जमाना पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. साधा एसएमएस म्हणजे पोस्टकार्ड. वाटेतला कुणीही वाचू शकतो. टेलिग्रामचा नेहमीचा चॅट म्हणजे डाकघरापर्यंत बंद जाणारं, तिथे उघडून फायलीला लावलेलं आणि पुन्हा चिकटवून पुढे पाठवलेलं पत्र. आणि ज्याला ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणतात ते पाकीट तुमच्या फोनमध्ये बंद होतं आणि थेट समोरच्याच्या फोनमध्ये उघडतं. किल्ल्या या दोन फोनांतच तयार होतात आणि तिथेच राहतात. मधल्या सर्व्हरने फक्त हमाली करायची.

टेलिग्राममध्ये असं पाकीट आहे, पण ते मागून घ्यावं लागतं. समोरच्याच्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबांच्या मेनूतून ‘सीक्रेट चॅट’ सुरू करावा लागतो. समोरचा ऑनलाइन आल्याशिवाय तो सुरू होत नाही. तो ज्या फोनवर उघडला त्याच फोनवर राहतो, दुसऱ्या फोनवर दिसत नाही. आणि ग्रुपसाठी ही सोय नाहीच. टेलिग्राम वापरणाऱ्या ओळखीच्या दहा जणांना विचारा, सीक्रेट चॅट शेवटचा कधी उघडला होता. उत्तरं ऐकून कोष्टकातले तारे आपोआप उतरतील. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयात स्वामित्वहक्काच्या एका खटल्यात टेलिग्रामने काही चॅनेल चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) न्यायालयाला दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांना पॅरिसजवळ अटक झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने धोरण बदललं आणि कायदेशीर मागणी आल्यास नंबर आणि आयपी पत्ता देऊ, असं जाहीर केलं. न्यायालयाने मागितलं आणि कंपनीने दिलं, यात काही गैर झालं असं मी म्हणत नाही. मात्र ‘टेलिग्रामवर कुणाला काही कळत नाही’ ही चहाच्या टपरीवरची समजूत सोडायला हवी. चॅनेल वाचायला, परीक्षेच्या नोट्स घ्यायला, मोठ्या फायली पाठवायला टेलिग्राम जरूर ठेवा. म्हणजे तो वाचनालयासारखा वापरावा, तिजोरीसारखा नको.

आता व्हॉट्सॲप. त्याच्या मजकुराला कुलूप आहे आणि ते उत्तम आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे सगळे व्यक्तिगत मेसेज, कॉल आणि ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, आणि त्यासाठी वापरलेली कुलपाची पद्धत (प्रोटोकॉल) सिग्नलचीच आहे. तेव्हा ‘मेटावाले आपले मेसेज वाचतात’ ही भीती त्या अर्थाने खरी नाही. तरीही व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांत मोठा फरक उरतो, आणि तो पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला आहे. कुणी, कुणाला, कधी, किती वेळा. कोणत्या ग्रुपमध्ये कोण. कोणत्या आयपी पत्त्यावरून. तुमच्या फोनच्या यादीत कोणाकोणाचे नंबर आहेत. यातलं बरंच व्हॉट्सॲपकडे जमा होतं, आणि ती कंपनी मेटा या जाहिरातीवर चालणाऱ्या समूहाची आहे. एखाद्याने रात्री अकराला कर्करोगाच्या डॉक्टरला तीनदा फोन लावला, मग बायकोला, मग विमा एजंटला, एवढं कळलं की आत काय बोलणं झालं ते ऐकायची गरज उरत नाही. २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो वापरकर्त्यांची माहिती समूहातल्या इतर कंपन्यांना देण्यावरूनच. प्रकरण पुढे अपिलात गेलं.

सिग्नलकडे पाकिटाच्या बाहेरचंही फारसं काही नसतं, आणि हे केवळ कंपनीच्या शब्दावर मानायचं नाही. २०१६ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने (खटला भरण्याइतका पुरावा आहे का ते पाहणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) दोन नंबरांची माहिती मागितली. त्यातला एकच सिग्नलवर होता. त्याबद्दल सिग्नलला देता आलं ते एवढंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी द्यायला काही नव्हतंच. नुसतं ‘आम्ही देणार नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आमच्याकडे नाही’ म्हणणारा केव्हाही बरा. सिग्नल चालवते ती एक ना-नफा संस्था. व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर देऊन ती उभी केली आणि आता ती मुख्यतः देणग्यांवर चालते.

व्हॉट्सॲपमध्येही दोन ठिकाणी कुलपाचा अर्थ बदलतो. ॲपमधल्या मेटा एआय या उत्तरं देणाऱ्या यंत्राला विचारलेला प्रश्न कंपनीकडे जातो; तो तुमचा आणि तुमच्या मावशीचा चॅट नसतो. आणि बँक, विमा कंपनी, ऑनलाइन दुकान यांच्या खात्याशी बोलताना पलीकडे कंपनीचं यंत्र किंवा त्यांनी नेमलेला तिसराच पुरवठादार असू शकतो. चॅटच्या वर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचावं.

बॅकअपकडे येतो. खरी गळती इथे आहे आणि कोष्टकात या शब्दाचा उल्लेखही नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत बंद असतात हे खरं, पण रोज रात्री दोनच्या सुमारास त्यांची एक प्रत गूगलच्या किंवा ॲपलच्या खात्यात जाते. ही प्रत मुळात एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते. म्हणजे पुढच्या दाराला गोदरेजचं कुलूप आणि मागची खिडकी उघडी. ऑक्टोबर २०२१ पासून या प्रतीला कुलूप लावायची सोय आहे, पण ती आपण होऊन लावावी लागते. सेटिंग्ज उघडा, त्यात चॅट्स, त्यात चॅट बॅकअप, आणि खाली ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ अशी ओळ दिसेल. ती ‘ऑफ’ असेल तर दाबा. ॲप पासवर्ड मागेल, किंवा ६४ अक्षरांची किल्ली घ्यायचा पर्याय देईल. नव्या आवृत्तीत पासकीही (पासवर्डऐवजी बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनचं कुलूप) आहे. पासवर्ड घेतलात तर तो कागदावर लिहून घरच्या कपाटात, रेशन कार्ड ठेवता तिथे ठेवा. त्या पासवर्डचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवायचा नाही, कारण फोन हरवला की दोन्ही एकदमच जातात. आणि तो विसरलात तर व्हॉट्सॲप, गूगल, दुकानदार, कुणीही ती प्रत उघडून देऊ शकत नाही. ‘माझे सगळे चॅट गेले’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, आणि ते कुलूप नीट चालत असल्याचंच लक्षण आहे.

एवढं करूनही अर्धंच काम होतं. तुमच्या बहिणीने तिच्या फोनवर हे केलं नसेल, तर तुमच्या दोघींचं बोलणं तिच्या गूगल खात्यात उघडंच पडून राहतं. खात्याचा पासवर्ड तिच्या नवऱ्याला ठाऊक असेल, किंवा ‘वाढदिवसाचा दिनांक’ एवढाच असेल, तर एन्क्रिप्शन हा शब्द तिथे संपला. दोघांमधला चॅट निम्मा दुसऱ्याच्या हातात असतो. त्यामुळे नाजूक विषयाच्या चॅटला ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ (ठरल्या वेळाने आपोआप पुसले जाणारे मेसेज) लावून ठेवणं बरं. व्हॉट्सॲपमध्ये २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असे पर्याय आहेत. प्रत एखादी गेली तरी त्यात साठा थोडाच असतो. २०२० मध्ये मुंबईत सिनेक्षेत्राशी संबंधित तपासात जुने चॅट वाहिन्यांवर झळकले तेव्हा ‘व्हॉट्सॲप फोडलं’ अशी आवई उठली होती. चॅट बाहेर येतात ते हातात आलेल्या फोनमधून, त्याच्या नकलेतून किंवा बॅकअपमधून. वाटेतलं कुलूप तोडायची कुणाला गरजच पडत नाही.

आता कुठल्याही गावातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा काउंटर डोळ्यांसमोर आणा. काचेवर नंबर चिकटवलेला: ‘प्रिंटसाठी इथे व्हॉट्सॲप करा’. गिऱ्हाईक आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सातबारा, कधी मुलीचा जातीचा दाखला पाठवतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब सकाळी उघडतं ते रात्रीपर्यंत तसंच. फाइलवर क्लिक केलं की ती ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये उतरते. गिऱ्हाईक पाच रुपये देऊन घरी जातं, आठवण झाली तर रात्री ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करतं. हे साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतं. पण त्याने चॅटमधला फुगा जातो; डाउनलोड्समधली फाइल जागची हलत नाही. तिथे महिन्याभराचे आधार रांगेत पडलेले असतात आणि दुकानात दोन-तीन पोरं आलटून पालटून बसतात. ॲप कोणतंही निवडा, हे भोक बुजत नाही. करायचं ते असं: आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. प्रिंट हातात आली की काउंटरवर उभं राहूनच डाउनलोड्समधली आणि रिसायकल बिनमधली फाइल काढायला लावा, मग चॅटमधून काढा. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे. एकदाच उघडणाऱ्या ‘व्ह्यू वन्स’ फोटोचा इथे उपयोग नाही, कारण तसा फोटो छापता येत नाही. इतर ठिकाणीही त्याच्यावर विसंबू नये. तो स्क्रीनशॉट अडवतो, पण शेजारच्या फोनने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कसा अडवणार?

खातं चोरीला जाण्याचे प्रकार आपण अधूनमधून छापता, त्यामुळे थोडक्यात. नवीन फोनवर व्हॉट्सॲपचं खातं उघडायला सहा आकडी कोड लागतो. तो कुणालाही सांगायचा नाही, हे आता बहुतेकांना पाठ आहे. म्हणून चोरांनी वाट बदलली. ‘तुमचं पार्सल आलंय, डिलिव्हरीवाल्याला या नंबरावर फोन लावा’ म्हणत ते स्टार ४०१ स्टार किंवा स्टार २१ स्टार आणि पुढे दहा आकडे डायल करायला लावतात. तो फोन नसतोच. तुमचे कॉल चोराकडे वळवायची आज्ञा असते. मग तो व्हॉट्सॲपला कोड फोनवर सांगायला लावतो आणि तो कॉल थेट त्याला जातो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितलं, तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉल फॉरवर्डिंग’ बंद आहे ना ते एकदा बघून घ्यावं. यावर खरा उपाय एकच: सेटिंग्ज, अकाउंट, ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. तिथे सहा आकडी पिन घाला आणि खाली ईमेलही द्या, म्हणजे पिन विसरली तर बदलता येते. चोराच्या हाती कोड लागला तरी पिनशिवाय त्याचं पुढे सरकत नाही.

खातं गेलंच तर घाबरून ॲप काढून बसू नका. आपल्या सिमवर पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला कोड टाकताच चोर बाहेर फेकला जातो. त्याने आधीच आपली पिन बसवून ठेवली असेल तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस थांबावं लागतं, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

दुसरी वाट ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची. फोन दोन मिनिटं कुणाच्या हातात गेला, किंवा ‘ग्रुपमध्ये यायला हा क्यूआर स्कॅन करा’ असं सांगून कुणी फसवलं, तर तुमचं खातं त्याच्या लॅपटॉपवरही चालू होतं आणि तुमच्या फोनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. सिग्नलही याला अपवाद नाही. युक्रेनमधल्या लोकांना रशियाशी संबंधित हेरांनी नेमक्या याच युक्तीने गाठल्याचं गूगलच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केलं. सिग्नलचं कुलूप त्यांना तोडता आलं नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरी किल्ली बनवून घेतली. महिन्यातून एकदा ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी उघडा. ओळखीचं नसेल ते काढून टाका.

सिग्नल कसा लावायचा ते आता सांगतो, कारण ‘सिग्नल घ्या’ म्हणून सोडून देणाऱ्यांमुळेच लोक आठवड्याभरात परत फिरतात. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्या. कुणी पाठवलेली एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका असो की आरटीओचं चलान. नंबर टाकला, कोड आला, की पिन मागतो. ती चार आकड्यांची चालते, पण सहा-आठ आकड्यांची घ्या. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे ‘रजिस्ट्रेशन लॉक’ चालू करा, म्हणजे पिनशिवाय तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवता येत नाही. तो आपोआप चालू नसतो. त्यानंतर प्रायव्हसीमध्ये ‘फोन नंबर’. माझा नंबर कोणाला दिसावा, याचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असू द्या. नंबरावरून मला कोण शोधू शकेल, हा वेगळा प्रश्न आहे. तिथेही ‘कुणीच नाही’ ठेवलंत तर घरच्यांनाही तुम्ही सिग्नलवर सापडणार नाही आणि ‘अरे तू आहेस कुठे’ असे फोन येतील. घरगुती वापरासाठी ते खुलं ठेवावं. अनोळखी माणसाला नंबर न देता बोलायचं असेल तर युजरनेम घ्या. ही सोय २०२४ मध्ये आली. नावाच्या पुढे टिंब आणि किमान दोन आकडे असतात. वर्गणी मागणारे, जुनी स्कूटर विकत घेणारे, भाडेकरू शोधून देणारे एजंट यांच्यासाठी ती फार कामाची आहे.

नोटिफिकेशनमध्ये ‘नाव आणि मजकूर’ऐवजी फक्त ‘नाव’ ठेवा. एरवी टेबलावर पालथा न ठेवलेला फोन सगळं वाचून दाखवतो. प्रायव्हसीमध्ये गायब होणाऱ्या मेसेजांची वेळ सगळ्या नव्या चॅटसाठी एकदमच ठरवता येते. तयार यादीतला सर्वात मोठा काळ चार आठवड्यांचा आहे आणि बहुतेक घरांना तो पुरे.

एक काम समोरासमोरच करायचं. प्रत्येक चॅटचा ६० आकड्यांचा ‘सेफ्टी नंबर’ असतो; दोन्ही फोनांवर तो जुळला की मधे तिसरा कुणी नाही याची खात्री होते. गणपतीला किंवा दिवाळीला सगळे घरी जमतात तेव्हा एकमेकांचा क्यूआर स्कॅन करून घ्या. पाच मिनिटांत अख्खं घर होतं. पुढे कधी ‘सेफ्टी नंबर बदलला’ अशी ओळ आली तर बहुतेक वेळा समोरच्याने फोन बदललेला असतो किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. पण पैशाचं बोलण्याआधी त्याला साधा फोन लावून विचारा. आवाज ऐका, मेसेजवर ‘हो, मीच’ आलं तर ते उत्तर धरायचं नाही.

सिग्नलचे त्रासही सांगायलाच हवेत, नाहीतर हे पत्र जाहिरात होईल. जुने चॅट सहज परत येत नाहीत. फोन लोकलमध्ये मारला गेला आणि बॅकअप नव्हता, तर सगळं गेलं. अँड्रॉइडवर फोनमध्येच प्रत ठेवायची सोय पूर्वीपासून आहे, तिला ३० आकड्यांची किल्ली होती. पण ती प्रत त्याच फोनवर असल्याने फोनबरोबरच जाते, म्हणून अधूनमधून कॉम्प्युटरवर उतरवावी लागते. सप्टेंबर २०२५ पासून सिग्नलने ६४ अक्षरांच्या किल्लीने बंद होणारी ऑनलाइन प्रत आणायला सुरुवात केली, तीही चालू करावी लागते आणि किल्ली हरवली की तीही बंदच. सर्व्हर बसल्याचे प्रसंगही झाले आहेत: जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या धोरणाला कंटाळून लोंढा आला तेव्हा, आणि २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनची यंत्रणा कोलमडली तेव्हा. त्यामुळे घरच्यांचे नंबर कागदावर असू द्यावेत.

आणि सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, भिशी, दूधवाला हे सगळं सिग्नलवर न्यायच्या भानगडीत पडू नका. येणार कुणी नाही आणि गरजही नाही. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये टाकलेलं गुपित राहत नाही, कुलूप कितीही भक्कम असो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे बडे मंत्री येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलच्या ग्रुपमध्ये करत होते आणि चुकून एका मासिकाचे संपादकच त्यात घेतले गेले होते. सिग्नलने आपलं काम चोख केलं. पाकीट भलत्याच माणसाच्या हातात ठेवलं गेलं होतं. वाटणी अशी करावी: पाण्याची वेळ, पत्रिका, सुप्रभात व्हॉट्सॲपवर; पैसे, आजार, वकील, घरातले वाद, कागदपत्रं सिग्नलवर. त्यासाठी चार-पाच माणसं तिथे असली की झालं.

स्वदेशीचा मुद्दा आपल्या लेखात आला आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो या भारतीय कंपनीच्या ‘अरट्टई’ या मेसेजिंग ॲपवर उड्या पडल्या तेव्हा त्यात कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, पण साध्या मेसेजांना तसं कुलूप नव्हतं. सर्व्हर भारतात असणं ही एक गोष्ट आणि किल्ली तुमच्या खिशात असणं ही दुसरी. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही. तुमच्या फोनवरच्या आवृत्तीत नेहमीच्या चॅटला ते कुलूप आहे का, हे चॅटच्या माहितीच्या पानावर पाहून मगच ठरवा.

परदेशी लेखांत ज्यांची शिफारस असते ती थ्रीमा, एलिमेंट, ब्रायर ही ॲप्स आपल्याकडे सुचवण्यात अर्थ नाही. मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाचं कारण देऊन १४ ॲप्सवर बंदी घातली, त्यात ही तिन्ही होती. आयएमओ हे कॉलचं ॲपही त्याच यादीत होतं, आणि त्याचा फटका आखातात नोकरीला असलेल्यांच्या कुटुंबांना बसला असणार, कारण अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल अडवलेले असतात. तिथे आधीच पर्याय मोजके. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना आदेश दिला: ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं आणि वेबवरची जोडणी दर सहा तासांनी तुटावी. यामागचा सायबर-फसवणुकीचा हेतू समजण्यासारखा आहे. झेरॉक्सच्या दुकानापुरता तर तो फायद्याचाच आहे. अडचण होईल ती अमेरिका-दुबईत राहून पुण्या-रत्नागिरीच्या नंबरावर व्हॉट्सॲप चालवणाऱ्यांची. अशांनी एक गोष्ट तातडीने करावी, आदेशाचं पुढे काहीही होवो: सिम रिचार्जअभावी बंद पडलं की साधारण ९० दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. त्याने व्हॉट्सॲप घातलं की तुमच्या नातेवाइकांचे मेसेज त्याच्याकडे. नंबर सोडण्याआधी ॲपमधलं ‘चेंज नंबर’ वापरा, नाहीतर खातं रीतसर डिलीट करा.

‘जीबी व्हॉट्सॲप’बद्दल दोन वाक्यं. निळी खूण लपवता येते, पुसलेले मेसेज वाचता येतात म्हणून तरुण मंडळी ते घालतात. ते व्हॉट्सॲप नाही. कुणी तरी आतून बदललेली नक्कल आहे, आणि किल्ली ज्या फोनमध्ये तयार होते तिथेच हा त्रयस्थ बसलेला असतो. अमेरिकन सरकारी अधिकारी मेसेजांची नोंद ठेवण्यासाठी सिग्नलची ‘टेलीमेसेज’ नावाची अशीच बदललेली आवृत्ती वापरत होते. मे २०२५ मध्ये ती फोडली गेली आणि आतले मेसेज बाहेर आले. मूळ सिग्नल तेव्हाही शाबूत होता. तसंच फोनचं. पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमधल्या एका चुकीतून सुमारे १,४०० फोनांत शिरकाव केला होता. ज्या फोनला आता कंपनीचे अपडेट येत नाहीत, त्यावर कोणतं ॲप चांगलं हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही.

शेवटी आपल्याच दैनिकाबद्दल. शेवटच्या पानावर ‘आपल्या भागातल्या समस्या या व्हॉट्सॲप क्रमांकावर कळवा’ अशी चौकट रोज असते. खड्ड्याचे फोटो पाठवायला ती ठीक. पण नगरपालिकेतल्या टेंडरची कागदपत्रं एखाद्या कारकुनाला आपल्याकडे पाठवायची असतील, तर त्याचा नंबर तो फोन हाताळणाऱ्या प्रत्येकाला दिसतो आणि त्याचा मेसेज डेस्कवरच्या कॉम्प्युटरवर उघडा असतो. त्या चौकटीत सिग्नलचं युजरनेम आणि त्याचा क्यूआर कोड छापावा. त्यासाठी वेगळा फोन आणि वेगळं सिम घ्यावं. नंबर कुणाला दिसू नये आणि नंबरावरून कुणाला शोधताही येऊ नये, असं दोन्हीकडे ‘कुणीच नाही’ ठेवावं. रजिस्ट्रेशन लॉक लावावा, मेसेजांना एक आठवड्याची वेळ लावावी आणि तो फोन कुठल्याही सामाईक कॉम्प्युटरला जोडू नये. कागद हाती आला की वेळ संपायच्या आत तो उतरवून घ्यायची जबाबदारी एकाच उपसंपादकाकडे असावी. एक खबरदारी मात्र आधी घ्यावी लागेल: युजरनेम बदललं की छापलेला जुना क्यूआर कोड चालत नाही, तेव्हा चौकट छपाईला देण्यापूर्वी नाव पक्कं करून टाका.

आपला,
एक वाचक, डोंबिवली